स्पेकबूमचं रान: कसं गेलं आणि परत का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीत 'जेड' म्हणून मिळणारं, बारीक गोल पानांचं, लालसर काड्यांचं झाड बहुतेकांनी पाहिलेलं असतं. बाल्कनीत ते असतं, बोन्सायच्या थाळीत तर हमखास असतं. त्याचं खरं घर दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात आहे. तिथे ते कुंडीत नाही, डोंगरउतारांवर माणसाहून उंच वाढतं आणि शेकडो किलोमीटर पसरलेलं एक अख्खं रान उभं करतं. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत त्या रानाचा मोठा भाग उघडा पडला. त्याबद्दल बोलायला लागलं की लोक साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

हे रान नेमकं कसलं? जंगल की माळ?

दोन्ही नाही. आपल्याकडे करवंदाची जाळी म्हणतो ना, तिची कल्पना करा. आत शिरायला वाट नाही, अंगावर ओरखडे, आत शिरलेली शेळी दिसेनाशी होते. अशी जाळी मैलोन्‌मैल पसरली, तिच्यात अधूनमधून बुटकी झाडं उभी राहिली, निवडुंगासारखी दिसणारी शेराची उंच झाडं आणि कोरफडीचे खांब डोकं वर काढून उभे राहिले, की झालं ते रान. इंग्रजीत त्याला 'थिकेट' म्हणतात आणि तिथले शास्त्रज्ञ 'आल्बनी थिकेट' हा स्वतंत्र जीवप्रदेश मानतात. त्याच्या कोरड्या भागात स्पेकबूम हा मुख्य गडी.

'स्पेक' म्हणजे चरबी किंवा खारवलेलं डुकराचं मांस आणि 'बूम' म्हणजे झाड, असं ते तिथल्या आफ्रिकान्स भाषेतलं नाव. शास्त्रीय नाव पोर्टुलॅकारिया आफ्रा. तिथल्या मूळच्या झोसा लोकांच्या भाषेत या दाट रानाला 'इह्लाथी लेसिझोसा' म्हणतात, म्हणजे झोसा लोकांचं रान. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाऊस किती पडतो?

स्पेकबूमच्या पट्ट्यात साधारण २५० ते ४५० मिलिमीटर. माण-आटपाडीकडच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल, पण पावसाची तऱ्हा वेगळी आहे. तिथे मृग नाही, हस्त नाही. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो आणि कुठल्याही महिन्यात दडी मारतो. वर्षाचे ठरलेले चार महिने पिऊन बाकीचे आठ महिने झोपून काढायची सोय तिथल्या झाडाला नाही. त्याला कायम तयार राहावं लागतं.

इतक्या कमी पावसात एवढं दाट रान कसं उभं राहतं?

याचं उत्तर स्पेकबूमच्या पानात आहे आणि त्याच्या पायाशीही.

आधी पान. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या नादात पाणी गमावतात. स्पेकबूम ओल असताना तसंच वागतं. पाणी तुटलं की मात्र पद्धत बदलतं. छिद्रं रात्री उघडतं, वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा दारं लावून घेऊन तो वापरतं. म्हणूनच ताणावर असलेल्या झाडाचं पान सकाळी आंबट लागतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा आंबटपणा उतरतो. (खाऊन बघायचं असेल तर थांबा. 'जेड' नावाने आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकली जातात. जाडजूड, मोठ्या पानांचं क्रासुला ते दुसरं, आणि ते खायचं नाही.)

आता पाय. स्पेकबूम बारमाही हिरवं असतं, पण पानं सतत गाळतही असतं. एवढ्या कोरड्या प्रदेशात त्याच्याखाली जो पालापाचोळा साठतो, तो प्रमाणाने चांगल्या पावसाच्या जंगलाशी बरोबरी करतो. खाली सावली, पाचोळ्याची गादी, तिच्याखाली काळपट भुसभुशीत माती. पावसाची सर आली की ती आधी पानांवर अडते, मग पाचोळ्यात झिरपते, मग मातीत मुरते. म्हणजे हे झाड स्वतःला लागणारं पाणी धरून ठेवणारी जमीन स्वतःच तयार करतं. बाकीची झाडं, वेली, कंदमुळं, कासवं आणि शेणकिडे त्या जमिनीवर भाडेकरू म्हणून राहतात.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

नुकसान किती झालंय?

२००० नंतरच्या काही वर्षांत या रानाचा नकाशा बनवायचं मोठं काम झालं. स्पेकबूम भरपूर असलेलं दाट रान पूर्वी सुमारे १७,००० चौरस किलोमीटरवर होतं असा त्यातला अंदाज आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा जवळपास तेवढाच. त्यातलं ४६ टक्के अत्यंत खराब अवस्थेत निघालं आणि आणखी ३६ टक्के मध्यम खराब. म्हणजे धडधाकट रान पाचातला एक हिस्साही उरलेलं नव्हतं.

लाकूडतोडीमुळे झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: मुख्यतः नाही.

रान गेलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड येते, वखार येते, ट्रक येतो. स्पेकबूमचं लाकूड मऊ आणि पाणीदार. ते ना जळणाचं ना इमारतीचं, कुऱ्हाडवाल्याला त्यात रस नाही. त्याला संपवलं ते तोंडांनी. शेळ्यांच्या, त्यातही अंगोरा शेळ्यांच्या.

शेळ्यांनी? शेळी तर गरिबाची गाय!

तिथली ही शेळी गरिबाची नव्हती, व्यापाराची होती.

अंगोरा शेळीच्या अंगावरच्या लांब चमकदार केसांना मोहेर म्हणतात. त्याचं कापड महाग विकलं जातं. ही जात मूळ तुर्कस्तानातली. १८३८ मध्ये हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतल्या कर्नल हेंडरसन यांनी १२ बोकड आणि १ शेळी केप वसाहतीत नेली. तुर्कांनी धूर्तपणा केला होता, बोकड आधीच निकामी करून पाठवले होते. पण त्या एकुलत्या एक शेळीने वाटेतच नर करडू दिलं आणि धंद्याची मुहूर्तमेढ रोवली गेली. पुढे आणखी कळप आले. आज जगातल्या मोहेरचा साधारण निम्मा वाटा दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि त्याचं केंद्र आहे ईस्टर्न केप: श्टाइटलरविल, यान्सनविल, विलोमोर ही गावं आणि बंदर ग्केबेर्हा, म्हणजे पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ.

स्पेकबूमला काटा नाही, चीक नाही, कडूपणा नाही. ऐन दुष्काळातही त्यावर रसाळ पाला असतो. शेतकऱ्याच्या नजरेत तो फुकटचा, बारमाही, कधीच न संपणारा चारा होता. 'कधीच न संपणारा' एवढं सोडलं तर बाकी खरं होतं.

पण हत्तीही तेच झाड खातात. मग हत्तींनी का नाही संपवलं?

या सगळ्या विषयातला माझा सर्वात आवडता भाग हाच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईस्टर्न केपमधल्या अॅडो भागात हत्तींनी खाल्लेलं आणि शेळ्यांनी खाल्लेलं रान शेजारी शेजारी ठेवून पाहिलं होतं.

हत्ती वरून खातो. सोंडेने शेंड्याकडच्या फांद्या मोडतो, अर्ध्या खातो, अर्ध्या खाली टाकतो. झाडाचा जमिनीला टेकलेला खालचा घेर, परकराच्या घोळासारखा, तसाच राहतो. त्या घेरातल्या फांद्या मातीला टेकून मुळं धरतात. आपण मोगऱ्याचं दाब कलम करतो, तेच झाड स्वतः करतं. हत्तीने खाली टाकलेल्या फांद्यांनाही कधी कधी मुळं फुटतात. म्हणजे हत्ती खातो आणि त्याच घासात लागवडही करतो.

शेळी खालून खाते. तिची मान पोचते तिथवर ती घेर साफ करते. झाड छत्रीसारखं दिसायला लागतं, वर पानं आणि खाली उघडे दांडे. मुळं धरणाऱ्या फांद्या गेल्या, खालची सावली गेली, पाचोळा उडाला. बुंध्यापाशी ऊन थेट मातीवर पडायला लागलं. अशी छत्री काही वर्षं तग धरते आणि मग एखाद्या दुष्काळात कोलमडते.

झाड तेच, पालाही तोच, पण घास कुठून घेतला यावर सगळं ठरलं.

म्हणजे हत्ती निर्दोष?

हत्तीही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. अॅडोची गोष्ट सांगतो. संत्र्यांच्या बागांचं नुकसान करतात म्हणून १९१९-२० मध्ये मेजर प्रिटोरियस या शिकाऱ्याला नेमून सुमारे ११४ हत्ती मारले गेले. १९३१ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते. हत्ती बाहेर पडायचे थांबेनात. शेवटी वॉर्डन आर्मस्ट्राँग यांनी ट्रामचे रूळ आणि लिफ्टच्या तारा वापरून कुंपण घातलं, ते १९५४ मध्ये पुरं झालं आणि २२ हत्ती आत सुरक्षित झाले. आज त्या उद्यानात ६०० हून जास्त आहेत.

कुंपणात संख्या वाढत गेली तशी आतली कोरफडीसारखी, बांडगुळांसारखी नाजूक झाडं कमी होत गेली. रान टिकलं, पण त्यातली विविधता विरळ झाली. मोकळा हत्ती खाऊन पुढे जातो, कोंडलेला हत्ती फिरून त्याच झाडाकडे येतो. शेळीचंही हेच झालं, फक्त फार जास्त वेगाने.

लोकसंख्या वाढली, म्हणून रान गेलं, असं नाही का म्हणता येणार?

नकाशा बघितला तर हे पटत नाही. सर्वात उघडी पडलेली कितीतरी जमीन श्टाइटलरविल-यान्सनविलच्या बाजूला आहे. तिथे दोन शेतघरांमध्ये कित्येक किलोमीटरचं अंतर असतं. माणसं मोजकी आणि जमीन अफाट, तरी रान गेलं. गोऱ्या मालकांची खाजगी शेतं होती, कागदोपत्री व्यवस्थित, चारही बाजूंनी तारेचं कुंपण.

त्या तारेबद्दल थोडं बोलायला हवं. खोइखोइ पशुपालक सुमारे दोन हजार वर्षांपासून मेंढ्या आणि नंतर गुरं घेऊन या भागात फिरत होते, पुढे झोसा लोकांची गुरं आली. पण चराई फिरती होती. आपला धनगर जसा पावसाच्या मागे वाडा हलवतो, तसंच. खाल्लेल्या जागेला विसावा मिळायचा. एकोणिसाव्या शतकात तारेचं कुंपण आलं, पवनचक्कीवर चालणारी कूपनलिका आली, आणि कोरड्या उतारावरही बारा महिने कळप ठेवता येऊ लागला. पूर्वी पाणी संपलं की जनावर निघून जायचं आणि झाड वाचायचं. आता पाणी खालून वर येत राहिलं आणि जनावर हललंच नाही. शेळ्यांचं प्रमाण फार असलं तर दाट रान दहा-वीस वर्षांतही उघडं पडू शकतं.

मग गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींवर काही झालं नाही?

झालं, पण कारणांचा क्रम नीट लावला पाहिजे. फिश नदीचं खोरं ही वसाहतीची सरहद्द होती. १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत तिथे नऊ युद्धं झाली आणि दाट जाळीत लपून लढणाऱ्या झोसा योद्ध्यांना या रानाने फार साथ दिली. ब्रिटिश फौज त्या झुडपांना वैतागलेली असे. युद्धांनंतर झोसांची जमीन तुकड्यातुकड्याने गेली. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या लोकांना जमीन घ्यायला जागाच मोजकी ठेवली. पुढे वर्णद्वेषी राजवटीने 'सिस्काई' नावाचा कोपरा आखून तिथे माणसं आणून कोंबली, १९८१ मध्ये त्याला नावापुरतं स्वातंत्र्यही देऊन टाकलं.

इतक्या कमी जागेत इतकी माणसं आणि त्यांची गुरं ठेवल्यावर जळणासाठी लाकूड तुटणारच, चराई वाढणारच. तेव्हा 'लोकांनी रान खाल्लं' हे वाक्य अर्धवट आहे. लोकांना तिथे कोणी दाटीवाटीने बसवलं, हे त्यात येत नाही.

आणि हे लोक रानाचे शत्रू तर नाहीतच. झोसा घरात बाईची सरपणाची रचलेली रास, 'इगोको', ही तिच्या घरपणाची खूण असते. गुरांच्या गोठ्याला, 'उबुह्लांती'ला, धार्मिक मान असतो, पूर्वजांशी बोलायची ती जागा. दोन्ही रानातल्या ठराविक झाडांपासून होतात. म्हणून तर त्या रानाला 'झोसा लोकांचं' म्हणतात.

उघडं पडलेलं रान दिसतं कसं?

लांबून बघितलं तर सुंदर! हीच गंमत आहे. स्पेकबूम आणि झुडपं संपतात, पण अधूनमधून उभी असलेली पापेया, युक्लियासारखी चिवट झाडं राहतात. त्यांच्यामध्ये मोकळी जमीन आणि चांगला पाऊस झाला की चार दिवसांचं गवत. नवख्या माणसाला वाटतं, वा, आफ्रिकेचं सवाना, आता जिराफ येईल. प्रत्यक्षात ते सवाना नसतं. ती झाडं म्हणजे वाडा पडल्यावर उभे राहिलेले खांब. त्यांच्या खाली नवं रोप उगवत नाही, आणि एकेक म्हातारं झाड वठत जातं.

उपग्रहाच्या चित्रात हे ओळखता येतं का?

येतं, पण जपून. एकाच तारखेचं चित्र फसवतं. नुकताच पाऊस पडलेला असेल तर उजाड उतारही हिरवागार दिसतो. म्हणून अभ्यासक वर्षभराची चित्रं बघतात. धडधाकट रान बारमाही हिरवं, त्याचा आलेख जवळजवळ सपाट. बिघडलेल्या रानाचा आलेख पावसाबरोबर उड्या मारतो.

हौस असेल तर संगणकावर उपग्रह नकाशा उघडा आणि श्टाइटलरविलच्या आसपास सरकत जा. कुठे कुठे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसेल, एका बाजूला गडद हिरवं, दुसऱ्या बाजूला फिकट तांबूस. पाऊस, माती आणि डोंगर दोन्हीकडे सारखेच. मध्ये फक्त तारेचं कुंपण. दुष्काळाने झालं की माणसाने, या वादावर मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

चराईबंदी केली की रान परत येईल ना? हिवरे बाजारला आलं तसं?

मराठी माणसाला हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करा, चर खणा, दोन-तीन पावसाळ्यांत डोंगर हिरवा होतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. गवताच्या बाबतीत ते खरंच आहे. गवताचं बी मातीत वाट बघत असतं, मुळं जिवंत असतात, आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने सलग येतो.

स्पेकबूमच्या रानात ते चालत नाही. शेळ्या काढून घेऊन कित्येक दशकं झालेल्या जागा तशाच उघड्या पडलेल्या आहेत. कारण मघाचंच: जमीन बनवणारंच गेलं. सावली नाही, म्हणून उघडी माती उन्हात तापते. पाचोळा नाही, म्हणून मातीवर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही. बी पडलं तरी रोप तगत नाही. रोप तगायला सावली हवी आणि सावली द्यायला झाड हवं. बियाच्या वाटेने हे चक्र पुन्हा सुरूच होत नाही, आणि टेकून मुळं धरणाऱ्या फांद्या तर शेळ्यांनी आधीच नेल्या.

पाण्याचं काय होतं?

बावियान्सक्लूफ या दरीत याची मोजमापं झाली. एक दाट रानाचा आणि एक उघडा, अशा दोन सारख्या उतारांची तुलना केली तर उघड्या उतारावरून वाहून जाणारं पाणी जवळजवळ दुप्पट आणि त्याबरोबर जाणारी माती जवळजवळ सहापट भरली. म्हणजे पाऊस तेवढाच, पण ओढ्याला पूर येतो आणि दोन दिवसांत तो आटतो.

या दरीचं पाणी पुढे कौगा धरणात जातं. १९६९ मध्ये पुरं झालेलं हे धरण खालच्या खोऱ्यातल्या बागा भिजवतं आणि ग्केबेर्हा शहरालाही पाणी देतं. त्या शहरात २०२२ मध्ये नळ कोरडे पडायची वेळ आली होती. त्याला मुख्य कारण लांबलेला दुष्काळ आणि गळके नळ हेच होतं, उघडे उतार नव्हे. पण धरणात पाण्याऐवजी गाळ येणं कुठल्याच शहराला परवडत नाही, हे उजनीच्या काठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शेळ्यांशिवाय आणखी काय काय कारणं?

थोडक्यात सांगतो. शहामृग: पिसांची फॅशन होती तेव्हा, म्हणजे १९१४ च्या मंदीपर्यंत, पश्चिमेकडच्या लिटल करू भागात शहामृगांनी बरंच रान तुडवलं. संत्री: संडेज नदीच्या खोऱ्यात बागांसाठी रान सरळ नांगरून काढलं जातं. तिथे ऑरेंज नदीचं पाणी ८० किलोमीटरहून लांब बोगद्यातून आणलेलं आहे. शहरं, बंदरं, रस्ते. शिकारी पर्यटनासाठी कुंपणात गर्दीने पाळलेले कुडू वगैरे प्राणीही, कारण शेळ्या काढून हरणं आणली म्हणजे आपोआप निसर्ग परत आला असं होत नाही.

आणि निवडुंग.

निवडुंग तर तिथलाच असेल?

मुळीच नाही. फड्या निवडुंग, ज्याला आपण नागफणीही म्हणतो, तो अमेरिकेतला. तिथे तो फळासाठी, कुंपणासाठी आणि चाऱ्यासाठी नेला. गुरांनी फळं खाऊन बिया पसरवल्या, आणि उघड्या पडलेल्या उतारांवर त्याला रान मोकळंच मिळालं. शेवटी सुमारे ९ लाख हेक्टर त्याने व्यापले. मग १९३० च्या दशकात त्याच्यावर जगणारे किडे सोडले आणि बराच आवाक्यात आणला.

यात भारताचा एक धागा आहे. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून लाल रंग मिळतो. तो धंदा इथे करावा म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले, पण ते भलत्याच जातीचे निघाले. रंग धड मिळाला नाही, मात्र एका जातीचा निवडुंग त्यांनी फस्त केला. त्याच जातीचा किडा १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तोच निवडुंग मारायला वापरला. फसलेल्या धंद्याचा असा उपयोग क्वचितच होतो.

आजही ईस्टर्न केपमध्ये गरीब बाया रस्त्याकडेला टोपलीत निवडुंगाची फळं विकतात. शेतकऱ्याला तो शत्रू आणि त्या बाईला हंगामाची कमाई.

मग उपाय काय? लावायचं कसं?

फांद्या तोडून लावायच्या, एवढंच. स्पेकबूमची अंगठ्याएवढी जाड फांदी छाटतात, थोडे दिवस सुकवून जखम भरू देतात आणि पहारीने भोक पाडून उभी करतात. पाणीही घालत नाहीत. एका शेतकऱ्याने क्रोमपोर्ट या शेतावर १९७६ पासून धूप थांबवायला अशी लागवड सुरू केली होती. २७ वर्षांनी रिचर्ड काउलिंग आणि अँथनी मिल्स या शास्त्रज्ञांच्या कामातून तिथे दर हेक्टरी वर्षाला सरासरी ४ टनांहून थोडा जास्त कार्बन साठल्याचं दिसलं. कोरड्या जागेच्या मानाने आकडा चकित करणारा होता.

२००४ पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला. रोजगार हमीसारख्या योजनेतून स्थानिक माणसं कामाला लागली. तीनशेहून जास्त कुंपणबंद प्रयोग-तुकडे प्रदेशभर आखले गेले. बऱ्याच ठिकाणी लावलेल्या काड्या मेल्या. कारणं शोधली तर एक साधं निघालं: दहिवर. दरीच्या तळाशी थंड हवा साचते, तिथे हिवाळ्यात दव गोठतं आणि स्पेकबूमला ते मानवत नाही. मूळचं स्पेकबूम उतारावर होतं. लावणाऱ्यांनी ते सोयीच्या सपाट जागेवर लावलं. काही ठिकाणी कुडूंनी खाल्लं.

जिथे जागा बरोबर निवडली तिथे मात्र जुन्या लागवडीत न लावलेली झाडंही आपणहून परतली. पक्ष्यांनी बिया आणल्या, सावलीत त्या रुजल्या. फक्त हे दोन निवडणुकांच्या मधल्या काळात होत नाही, पस्तीस-चाळीस वर्षं लागतात.

स्पेकबूम अॅमेझॉनच्या दहापट कार्बन शोषतं म्हणे?

हा निरोप २०१९-२० च्या सुमारास जगभर फिरला. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांतही आला असेल. तो तसा खरा नाही. कोरड्या प्रदेशाच्या मानाने हे रान कार्बन खूप साठवतं, काही ठिकाणी माती धरून हेक्टरी २०० टनांवर, आणि ते विशेष आहेच. पण 'मानाने' हा शब्द निरोपातून गळाला. शिवाय तो साठा शतकांचा असतो. कुंडीतल्या एका काडीने गाडीचा धूर फिटत नाही.

आता कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कार्बन साठवण्याच्या बदल्यात मिळणारा पैसाही या रानात शिरलाय. त्यातून लागवडीला बळ मिळतं हे चांगलं. पण फक्त एकाच झाडाच्या काड्या मोजून रान झालं असं जाहीर करण्याचा मोह त्यात आहेच, आणि मला त्याची भीती वाटते.

आपल्या माळरानावर लावलं तर? पाऊस तेवढाच आहे की.

कृपा करून नको. माळरान म्हणजे झाडं तुटलेलं जंगल नव्हे. ते गवताचं राज्य आहे, माळढोकाचं, लांडग्याचं, धनगराच्या मेंढ्यांचं. आधीच गिरिपुष्प लावून लावून कितीतरी टेकड्यांवरचं गवत आपण झाकून टाकलंय. तिथल्या उतारावर स्पेकबूम हवं, कारण ते तिथलं आहे. इथे ते बाल्कनीत शोभतं.

मोहेरचं कापड घेणं बंद करावं का?

मला तसं वाटत नाही. यान्सनविलच्या माणसाला दुसरा धंदा सहज मिळेल असं नाही. शेळ्यांची संख्या आवरून, जागा बदलत, उतार सोडून सपाटीवर चारणारे शेतकरी आहेत. लोकर विकत घेणाऱ्याने ती कुठल्या जमिनीवरून आली हे विचारायला सुरुवात केली तर त्यांचं बळ वाढेल.

हे सगळं ठीक आहे, पण माझ्या जेडची पानं गळतायत. काय करू?

पाणी कमी करा. दहापैकी नऊ वेळा हेच कारण असतं, विशेषतः पावसाळ्यात. कुंडीत निम्मी जाड वाळू किंवा विटेचा चुरा घाला, खालचं भोक मोकळं आहे का बघा, आणि ऊन मिळेल तिथे ठेवा. मुळं कुजली असतील तर वरची चांगली फांदी छाटा, चार-पाच दिवस सावलीत कोरडी ठेवा, मग नव्या मातीत खोचा. पहिला आठवडाभर पाणी घालू नका. पानं थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तसं त्याला चालतं.